बिन जेलमूदचे घर आणि धर्मग्रंथाचे वाचन

दोह्याच्या मुशैरिब भागात बिन जेलमूदचे जुने घर आहे. हे घर एका गुलाम-व्यापाऱ्याचे होते. २०१५ पासून तेथे गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. कतारमधील प्रत्येक आंबेडकरी कुटुंबाने मुलाबाळांसह ते एकदा पाहावे, असे आम्हांस वाटते. इस्लामच्या धर्मग्रंथाचा व कायद्याचा आजच्या काळासाठी नव्याने अर्थ लावता येतो काय, हा प्रश्न आपल्या बैठकांत अधूनमधून निघतो आणि बहुधा ऐकीव मतांवरच संपतो. या घराचा इतिहास त्या प्रश्नाला ठोस आधार देतो.

कुराणात गुलामगिरी समाजाचे एक वास्तव म्हणून गृहीत धरलेली आहे. गुलामाला मुक्त करणे हे तेथे पुण्यकर्म आहे, काही अपराधांचे प्रायश्चित्त आहे. जकातीचा एक वाटा त्यासाठी सांगितला आहे आणि मालकाशी मुक्तीचा करार करण्याची वाटही दाखवली आहे. मात्र ही प्रथाच बंद करा, अशी स्पष्ट आज्ञा नाही. शरियतच्या जुन्या ग्रंथांत तर गुलामांची विक्री, विवाह आणि वारसा यांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. शतकानुशतके न्यायदान झाले ते या प्रकरणांच्या आधारे.

कतारमध्ये पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसे मोत्यांसाठी समुद्राच्या तळाशी बुड्या मारीत. ते मोती मुंबईच्या बाजारात जात आणि या किनाऱ्यावर भारतीय रुपया चाले; तेव्हा या कथेत आपली मुंबईही आहे, हे सांगितलेच पाहिजे. १९१६ च्या करारान्वये येथील शासकाने ब्रिटिशांना गुलामांचा व्यापार थांबवण्याचे वचन दिले, परंतु असलेले गुलाम ठेवण्याची मुभा राहिली. अनेक गुलाम पळाले. बहारीनसारख्या ठिकाणच्या ब्रिटिश कचेऱ्या गाठून त्यांनी मुक्तीचे दाखले मिळवले. पुढे जपानी कृत्रिम मोत्यांनी बाजार कोसळला, दुखानला तेल लागले. काही गुलाम तेल कंपनीत राबू लागले आणि वेतनाचा मोठा भाग मालकाच्या हाती ठेवू लागले. अखेर १९५२ मध्ये शेख अली बिन अब्दुल्ला यांच्या कारकिर्दीत गुलामगिरी रद्द झाली. भरपाई देण्यात आली ती मालकांना. हा तपशील आम्हांला आजही अस्वस्थ करतो.

यात कुराणाचे एक अक्षरही बदलले नाही. बदलले ते वाचन. ट्युनिसच्या अहमद बे यांनी १८४६ मध्येच गुलामगिरी बंद केली होती आणि त्या निर्णयाला तेथील मुफ्तींची संमती घेतली होती. मालक गुलामांना धर्माने सांगितल्याप्रमाणे वागवीत नाहीत, तेव्हा ती मालकीच टिकत नाही, असा त्या युक्तिवादाचा रोख होता. ग्रंथाचा ओढा मुक्तीकडे आहे, म्हणून प्रथेचा शेवट हीच त्या ओढ्याची पूर्तता होय, असे पुढील अनेक विद्वानांनी मांडले. तरीही सौदी अरेबियाला १९६२ आणि ओमानला १९७० उजाडावे लागले. ज्या आयतींच्या आधारे हे मांडले गेले, त्या तेराशे वर्षे तेथेच होत्या. त्यांना नवा वाचक मिळाला तो पळणाऱ्या गुलामांमुळे, परकी दडपणामुळे आणि बदललेल्या अर्थव्यवस्थेमुळे, असे आमचे मत आहे.

येथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या निबंधात त्यांनी शास्त्रांचा सोयीस्कर अर्थ लावून जात घालवू पाहणाऱ्यांना स्पष्ट नकार दिला. शास्त्रे व्याकरणाने काय सांगतात याला महत्त्व नाही, लोकांनी ती कशी समजून घेतली याला आहे. म्हणून शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मग कतारचे उदाहरण त्यांच्या विरोधात जाते काय? आम्हांस तसे वाटत नाही. गुलामाच्या मुक्तीला कुराणात निदान पुण्य म्हटले होते. अस्पृश्याच्या मुक्तीला मनुस्मृतीत असा धागाच नव्हता. जेथे धागा आहे तेथे अर्थ लावणाऱ्याला काम आहे. जेथे नाही तेथे महाडची २५ डिसेंबर १९२७ ची ज्वाला हाच मार्ग उरतो. खुद्द ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनीही परंपरेची नवी मांडणी केली, परंतु ती बुद्धीच्या कसोटीवर, ग्रंथाच्या आज्ञेवर नव्हे.

कतारमध्ये हे काम थांबलेले नाही, पूर्णही नाही. २००६ पर्यंत येथे कौटुंबिक कायद्याची संहिता नव्हती. न्यायाधीश जुन्या ग्रंथांवरून निकाल देत. त्या वर्षीच्या २२ क्रमांकाच्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय सोळा ठरवले, मात्र न्यायालयाच्या परवानगीने त्याखालीही वाट ठेवली. स्त्रीच्या विवाहाला वलीची, म्हणजे पुरुष पालकाची, अट कायम आहे. या अटीबाबत नवे वाचन होईल ते येथील स्त्रियांनी विचारलेल्या प्रश्नांतूनच होईल.

आपल्यापैकी पुष्कळांना ‘कफाला’ हा शब्द शरियतचाच वाटतो. शब्द तेथलाच आहे, त्याचा मूळ अर्थ जामीनकी. पण कामगाराला मालकाशी बांधणारी व्हिसाची व्यवस्था ही विसाव्या शतकातील सरकारी रचना होती. २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणाऱ्या एनओसीची अट काढली गेली, तेव्हा कोणत्याही आयतीचा नवा अर्थ शोधावा लागला नाही. सरकारी आदेश पुरेसा झाला.