रक्तातली वजाबाकी

हजीऱ्यातल्या कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या गेटमधून आत जायचं तर गळ्यात पास हवा. त्यावर फोटो, नाव, खातं आणि खाली ठळक अक्षरांत रक्तगट. माझ्या नवऱ्याच्या पासवर ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे. माझा गट मला कळला तो लग्नानंतर, पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा: ‘ओ निगेटिव्ह’. सासूबाई जळगावाहून आल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी रिपोर्ट वाचला आणि काळजीने विचारलं, “निगेटिव्ह म्हणजे गं? काय कमी आहे तुझ्यात?”

त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती, भीती होती. पुढच्या नऊ महिन्यांत ती भीती मला घरोघरी भेटली. एक शेजारीण म्हणाली, निगेटिव्ह बाईचं पहिलंच मूल जगतं. दुसरी म्हणाली, पॉझिटिव्ह मुलाशी लग्नच करायला नको होतं. हा शब्द एवढी भीती घेऊन आला कुठून, त्याचा माग मी तेव्हापासून काढते आहे. त्यातला एक धागा आमच्या तापीच्या काठालाच येऊन लागला.

हजीरा तापीच्या मुखाशी वसलेलं आहे. प्राणिशास्त्राची पुस्तकं माकडांच्या जातींची जुनी हद्द सांगताना पश्चिम भारतात हीच नदी धरतात. तापीच्या उत्तरेला आखूड शेपटीचं, लालसर तोंडाचं रीसस माकड. दक्षिणेला लांब शेपटीचं, डोक्यावर टोपीसारखे केस असलेलं बॉनेट माकड. अलीकडे रीससने ही हद्द ओलांडली आहे. त्याचं ‘रीसस’ हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस ओदबेर या फ्रेंच चित्रकार-अभ्यासकाने ठेवलं. ग्रीक कथांत थ्रेसचा एक राजा याच नावाचा आहे, पण माकडाशी त्याचा काही संबंध नाही. पुढे हे माकड जगभरच्या प्रयोगशाळांत गेलं. 1950 नंतर पोलिओच्या लशीसाठी भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडं परदेशी जात. 1978 साली ही निर्यात बंद झाली.

या माकडाचं नाव रक्तगटाला लागलं ते पुढे; त्याआधीही बाळं दगावण्याचं दुःख होतंच. 1609 साली लुईज बूर्जुआ या फ्रेंच सुईणीने जुळ्या बाळांची हकिकत लिहिली: एक सुजलेलं, जन्मताच गेलेलं, दुसरं पिवळं पडून गेलेलं. आपल्याकडे असलं दुःख पुस्तकांत नाही, नावांत नोंदलेलं आहे. मुलं टिकेनात की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायचं, म्हणजे काळाची नजर त्याच्यावरून ढळेल. माझ्या आजीची पहिली मुलगी जगली, ती माझी आई. तिच्या पाठीवरची दोन बाळं पिवळी पडून गेली. चौथा जगला, तो दगडूमामा. आजीचा रक्तगट कुणी कधी तपासला नाही, त्यामुळे कारण दुसरंही असेल. पण गावाने दोष दिला तो तिच्या कुशीलाच.

या दुःखाच्या मुळाशी पहिला हात घातला तोही एका आईने. शिकागोच्या डॉ. रूथ डॅरो यांचं स्वतःचं बाळ याच आजाराने गेलं होतं. बाळाच्या रक्तातलं काहीतरी आईच्या शरीराला परकं वाटतं आणि ती त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करते, असा तर्क त्यांनी 1938 साली मांडला. ‘काहीतरी’ म्हणजे काय ते त्यांना नेमकं सापडलं नाही, पण दिशा बरोबर होती. 1939 साली न्यूयॉर्कच्या लेव्हिन आणि स्टेटसन यांनी एका बाईची नोंद छापली. मृत मूल जन्मल्यावर तिला नवऱ्याचं रक्त दिलं गेलं. दोघांचाही गट ओ, अगदी आमच्यासारखा, तरीही ते रक्त तिला बाधलं. तिच्या रक्तातला निवळ, म्हणजे सीरम, ओ गटाच्याच 104 जणांच्या रक्ताशी ताडून पाहिला, तर 80 जणांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. लेव्हिन यांनी या नव्या घटकाला नाव दिलं नाही.

नाव दिलं ते दुसऱ्यांनी. ए, बी, ओ गट शोधणारे लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी वीनर यांनी रीसस माकडाचं रक्त सशांना आणि गिनीपिगना टोचलं. त्यातून मिळालेला निवळ न्यूयॉर्कमधल्या शंभरातल्या सुमारे 85 माणसांच्या रक्ताच्या गुठळ्या करत होता. 1940 साली त्या घटकाला ‘रीसस’ हे नाव मिळालं, त्याचंच पुढे ‘आरएच’ झालं. ज्यांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या ते पॉझिटिव्ह, बाकीचे निगेटिव्ह. पुढे कळलं, की माकडाच्या रक्तातून सापडलेला घटक वेगळा आणि माणसाला त्रास देणारा घटक वेगळा. पहिल्याला मग लँडस्टायनर-वीनर यांची आद्याक्षरं मिळाली. दुसऱ्याचं नाव ‘डी’, पण माकडाचं नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

या चुकून चिकटलेल्या नावाने पुढे मोठी वावटळ उठवली. ‘रीसस निगेटिव्ह’ म्हणजे ज्यांच्यात माकडाचा अंश नाही ते, म्हणून त्यांचे पूर्वज परग्रहावरून आले, अशा कहाण्या युरोप-अमेरिकेत पसरल्या. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांत निगेटिव्ह रक्ताचं प्रमाण शंभरात तिसाच्या पुढे जातं, त्याचाही आधार घेतला गेला. खरी गोष्ट साधी आहे. लाल पेशीच्या पृष्ठभागावर डी नावाचं प्रथिन असतं. काहींच्या गुणसूत्रांत आई आणि बाप, दोन्ही बाजूंनी ते घडवणारं जनुकच गळालेलं असतं. भारतात असे लोक शंभरात साधारण पाच.

आपल्याकडची वावटळ वेगळी आणि जास्त दुखवणारी. आईबाप दोघे पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह निघालं, तर कुजबुज सुरू होते. वास्तविक शंभरात पाच निगेटिव्ह असतील, तर हिशेबाने सुमारे पस्तीस पॉझिटिव्ह माणसं ते गळालेलं जनुक एका बाजूने बाळगून असतात. असे दोघे नवराबायको झाले, तर दर मुलामागे चारात एक शक्यता निगेटिव्हची. ही साधी वजाबाकी आहे. तिच्यापायी कुणा बाईच्या चारित्र्यावर बोट उचलू नये.

निगेटिव्ह रक्ताला लावल्या जाणाऱ्या ‘दुर्मीळ’ या शब्दाचाही असाच गोंधळ आहे. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. वरवरच्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. तो भारतात दहा हजारांत एखाद्याचा. निगेटिव्ह रक्त तेवढं दुर्मीळ नाही. दाते नियमित येत राहिले तर ते मिळतं.

माझी तपासणी मी डोळ्यांनी पाहिली. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब. एकावर निळं द्रावण, दुसऱ्यावर पिवळं, तिसऱ्यावर बिनरंगी. काडीने ढवळून मुलीने काच हळूहळू झुलवली. नवऱ्याच्या तिसऱ्या थेंबात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. माझे तिन्ही थेंब एकजीव राहिले.

धोका असतो तो बाळ पॉझिटिव्ह असेल तर. बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. काहीच उपाय केला नाही तर अशा शंभर आयांमधल्या सुमारे सोळा जणींच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं, ती प्रतिद्रव्यं गाठतात पाठच्या भावंडाला. शेजारणीचं म्हणणं यातूनच आलेलं होतं. ते एके काळी काहींच्या बाबतीत खरं होतं, पण काळ पुढे गेला आणि म्हण मागेच राहिली. 1960 नंतर लिव्हरपूलमध्ये क्लार्क आणि फिन यांनी, न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक यांनी उपाय शोधला: तयार प्रतिद्रव्यंच आईला टोचायची, म्हणजे बाळाच्या पेशी तिच्या शरीराने ओळखण्याआधीच नाहीशा होतात. सिंगसिंग तुरुंगातल्या निगेटिव्ह कैद्यांनी त्यासाठी स्वतःवर चाचण्या करू दिल्या. 1968 साली अमेरिकेत हे ‘अँटी-डी’ इंजेक्शन वापरात आलं.

आणि ते बनलं कशातून? निगेटिव्ह रक्ताच्याच दात्यांकडून. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी 2018 पर्यंत 1173 वेळा रक्तद्रव दिला, त्यातून लाखो आयांना हे औषध मिळालं. 2025 मध्ये ते गेले. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्यात सापडलं. जे कमी आहे, त्याच्यामुळेच ही माणसं दुसऱ्याच्या बाळाला वाचवू शकली.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात मला पहिलं इंजेक्शन मिळालं. मुलगी झाली तेव्हा नाळेतलं रक्त तपासलं, ती पॉझिटिव्ह निघाली. नवऱ्याने सुरतेहून दुसरी कुपी आणली, बर्फाच्या डब्यात, मांडीवर सांभाळत. बहात्तर तासांची मुदत असते. मला ती दुसऱ्याच दिवशी मिळाली. ज्या बाईच्या रिपोर्टवर ही वजा खूण असेल, तिने बाळाचा रक्तगट विचारावा आणि हे इंजेक्शन मागून घ्यावं. गर्भपात झाला तरी विचारावं. लाजू नये, घाबरू नये.

चार वर्षांनी मुलगा झाला, तोही पॉझिटिव्ह. बारशाला दगडूमामा आला होता. पाळण्याशी वाकून त्याने नाव विचारलं. आम्ही आवडीने निवडलेलं नाव मी सांगितलं. मामाने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि बाळाच्या कपाळावरून हात फिरवला.