अलाईनमेंट, चाकांचे : नवे टायर घालताना (वर्धा जिल्हा)

मोटारीची चाके एकमेकांशी, गाडीच्या मध्यरेषेशी आणि रस्त्याशी ठरलेल्या कोनांत आहेत की नाहीत हे मोजून, नसल्यास ती त्या कोनांत आणण्याचे काम. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या टायरच्या दुकानांत ते ‘अलाईनमेंट’ याच नावाने चालते आणि बहुतेक वेळा ‘बॅलन्सिंग’ला, म्हणजे चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करण्याला, जोडूनच उच्चारले जाते. नवे टायर घेतले की हे करायलाच हवे का, या प्रश्नावर दुकानदार ‘करूनच घ्या’ म्हणतो आणि जुना ड्रायव्हर ‘गाडी ओढत नसेल तर कशाला’ म्हणतो. दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. टायर रिमवर बसतो. चाकाचे कोन ठरतात ते सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या जोडांवर. त्यामुळे केवळ टायर बदलल्याने अलाईनमेंट बिघडतही नाही आणि सुधारतही नाही. ते आधीपासून बिघडलेले होते का, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा उतरवलेल्या जुन्या टायरावर असतो. नेमका तोच पुरावा गिऱ्हाईक पैसे मोजत असताना दुकानामागच्या ढिगावर जाऊन पडतो.

कोन तीन. वरून पाहिले असता पुढची दोन चाके समोरच्या बाजूला किंचित जवळ आलेली असणे म्हणजे टो-इन आणि फाकलेली असणे म्हणजे टो-आउट. समोरून पाहिले असता चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर कललेला असणे म्हणजे कॅम्बर. चाक ज्या आसाभोवती वळते त्या आसाचा बाजूने दिसणारा कल म्हणजे कॅस्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते मुख्यतः याच्यामुळे. टायर खाण्याच्या बाबतीत तिघांत टो सर्वांत वाईट. चाक जाण्याच्या दिशेशी अर्ध्या अंशाने जरी तिरके असले, तरी दर किलोमीटरला ते सुमारे 9 मीटर आडवे घासत जाते. वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर धरले, तर एका फेरीत साडेसहाशे मीटरची आडवी फरफट झाली. डोळ्यांना मात्र अर्धा अंश दिसत नाही.

वर्ध्याच्या रस्त्यांवर ज्या लहान गाड्या सर्वांत जास्त दिसतात, त्यांतल्या बहुतेकींत पुढच्या चाकांचा टो तेवढा जुळवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातून येतात तेच राहतात. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा एकच आडवा दांडा) असेल, तर मागच्या चाकांचेही काही जुळवता येत नाही, फक्त मोजता येते. म्हणून अशा गाडीचे ‘चारही चाकांचे अलाईनमेंट’ करून दिले असे कोणी म्हणाले, तर मागच्या दोघांचे नेमके काय केले ते विचारावे. मापही निरुपयोगी नसते. मागचे चाक जास्त तिरके निघाले, तर आस वाकलेला असण्याचा किंवा गाडीला पूर्वी जबर मार बसल्याचा तो पुरावा ठरतो, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ही माहिती फार उपयोगी पडते.

जुन्या टायराची तपासणी. टायर उतरवण्याआधी चारही चाके कुठली ते खडूने लिहून ठेवावे. पुढचे डावे, पुढचे उजवे हे एकदा मिसळले की वाचण्यासारखे काही उरत नाही. मग नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा, आधी आतून बाहेर आणि नंतर बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे दात लागले, तर टो बिघडलेला आहे. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड झिजली असेल, तर टो-इन जास्त. आतली कड झिजली असेल, तर टो-आउट. आतली कड गाडी उभी असताना दिसत नाही. वरून नवाकोरा वाटणारा टायर उतरवल्यावर आतून तारा दिसेपर्यंत गोटा झालेला निघतो, तो यामुळेच. एकाच टायराची एकच बाजू झिजलेली आणि हाताला दात लागत नसतील, तर कॅम्बरचा संशय घ्यावा. खड्ड्यात आपटून स्ट्रट किंवा लोअर आर्म वाकला असेल.

झीज मधोमध असेल किंवा दोन्ही कडांना सारखी असेल, तर अलाईनमेंटचा संबंध नाही. मध्ये झीज म्हणजे हवा जास्त, कडांना झीज म्हणजे हवा कमी. वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि तापमान 10 अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. भर दुपारी तापलेल्या टायरात ‘33 बरोबर आहे’ म्हणून समाधान मानणाऱ्याच्या गाडीत पहाटे हवा कमीच असते. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. (याच काउंटरवर नायट्रोजनही विकला जातो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. राहिलेल्या भागासाठी पैसे द्यायचे की नाहीत हे ज्याने त्याने ठरवावे.) टायरावर ठरावीक अंतराने खळगे पडलेले असतील, तर दोष शॉकअब्सॉर्बरचा किंवा बॅलन्सिंगचा. शॉकअब्सॉर्बर तसेच ठेवून घातलेले नवे टायर काही महिन्यांत तसेच खळगे दाखवू लागतात.

रस्त्यावरची खूण. टायर आधीच भंगारात गेले असतील, तर गाडीलाच विचारावे लागते. सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात स्टिअरिंग हलके धरून गाडी एका बाजूला जाते का ते पाहावे. हात सोडून मात्र पाहू नये. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालत असल्यामुळे तो उतार डावीकडे पडतो. गाडी हळूहळू डावीकडे सरकली, तर त्यात विशेष काही नाही. उताराविरुद्ध उजवीकडे ओढत असेल, तर नक्कीच काहीतरी आहे. त्यातही एक गोम असते : नव्या टायराच्या बांधणीतल्या असमानतेमुळेही गाडी ओढू शकते. पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून पाहावेत. ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायराचा. तीच राहिली, तर कोनांचा किंवा एखाद्या ब्रेकच्या अडकण्याचा. टायराच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर ही अदलाबदल करू नये. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगचा दांडा तिरका राहत असेल, तर टो तपासावा. ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल, तर ते बॅलन्सिंगचे काम आहे आणि अलाईनमेंटवर खर्च करून ती थरथर जाणार नाही. प्रत्येक नव्या टायराचे बॅलन्सिंग करावेच लागते, त्यात निवड नाही.

जिल्ह्यातील रस्ते. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत : वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. इथली काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता त्यामुळे खचतो, लाटा धरतो आणि त्याच्या कडा तुटतात. समोरून ट्रक आला की डावी चाके या तुटलेल्या कडेवरून खाली उतरतात आणि लगेच परत वर चढतात. एकट्या डाव्या चाकाला बसणारा हा आडवा धक्का टाय रॉडला, म्हणजे स्टिअरिंग आणि चाक जोडणाऱ्या दांड्याला, फार वाईट. पुढच्या डाव्या चाकाची झीज उजव्याहून वेगळी दिसली, तर कारण बहुधा इथे सापडते. शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात, त्या दिवाळीपर्यंत वाळून कडक होतात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत लहान गाडी त्यांतूनच पोट घासत जाते. वर्षभर अशा वाटेने शेत गाठणाऱ्याची गाडी आणि वर्धा–सेवाग्राम एवढेच फिरणाऱ्याची गाडी यांना ‘दर 5,000 किलोमीटरला अलाईनमेंट’ हा दुकानी नियम सारखाच लावण्यात अर्थ नाही. पहिलीला तो उशिराचा, दुसरीला लवकरचा.

दुसऱ्या टोकाला वेगाचे रस्ते आहेत. जाम आणि हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, कारंजा-तळेगाववरून अमरावतीकडे जाणारा 53, बुटीबोरी–वर्धा–यवतमाळ हा चौपदरी 361 आणि सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग. समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 पासून 701 किलोमीटरचा पूर्ण मार्ग चालू आहे. येळाकेळीला चढलेली मोटार तासन्‌तास ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत धावू शकते. गावातल्या ये-जा करण्यात वर्षभर दबून राहिलेला टोचा दोष इथे एका प्रवासात टायर तापवतो. परिवहन विभागाने 2023 मध्ये या मार्गाच्या प्रवेशावर टायरांची तपासणी सुरू करून गोटा टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, त्यामागे हेच कारण. मात्र प्रत्येक अपघात टायराच्या नावावर घालण्याची सवयही बरी नाही. 1 जुलै 2023 रोजी याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर–पुणे खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले, त्यांत वर्ध्याचेही होते. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालाने ते मान्य केले नाही.

कायदा अलाईनमेंटबद्दल नव्हे, नक्षीबद्दल बोलतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 94 नुसार मोटारीच्या टायराची खाच 1.6 मिलिमीटरपेक्षा उथळ असता कामा नये, दुचाकी-तीनचाकीला 0.8 मिलिमीटर. खाचेत आडव्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून या पट्ट्यांशी सपाट झाली की टायर संपला. आतली कड पट्टीपर्यंत आणि बाहेरची अजून निम्मी शिल्लक असेल, तर टायर कायद्याने बाद झालाच, शिवाय अलाईनमेंट टाळण्याची सबबही त्याने काढून घेतली.

दुकानातले काम. आधी हवा सारखी करतात, मग गाडी रॅम्पवर घेऊन पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवतात. चाकांना पंजे लावून त्यांवर कॅमेऱ्याला दिसणाऱ्या पाट्या बसवतात, गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात, स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून सरळ करून पट्टीने अडकवतात. पडद्यावर आकडे येतात : मर्यादेत असलेले हिरवे, बाहेरचे लाल. मेकॅनिक टाय रॉडचे चेकनट ढिले करून रॉड पिळतो, आकडा हिरवा झाला की नट आवळतो. सारे काम अर्ध्या-पाऊण तासाचे. यात गिऱ्हाइकाने दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, काही फिरवण्याआधीचा छापील अहवाल. तो सगळा हिरवा असेल, तर जुळवण्यासारखे काही नव्हते आणि पैसे फक्त तपासणीचे झाले. दुसरी, जोडांची तपासणी. चाक जॅकवर उचलून दोन्ही बाजूंनी धरून हलवले आणि खडखडले, तर टाय रॉड एंड गेला; वर-खाली धरून हलले, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. ढिल्या जोडांवर केलेले अलाईनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकते. जोड बदलला, लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रट बदलला, तर अलाईनमेंट नव्याने करावेच लागते, टायर नवे असोत की जुने.

निर्णय एवढ्यावर होतो. जुने टायर सर्व बाजूंनी सारखे झिजले, गाडी सरळ जाते, स्टिअरिंग सरळ उभे राहते आणि मधल्या काळात सस्पेन्शनला हात लागलेला नाही, तर बॅलन्सिंग करून घरी जाण्यात काही चूक नाही. यातले एक जरी खटकले, तर काहीशे रुपयांचे अलाईनमेंट टाळून हजारो रुपयांचे चार टायर पणाला लावणे हा वाईट सौदा. दोनच टायर नवे घेतले, तर ते मागे घालावेत असे टायर कंपन्या सांगतात, कारण ओल्या रस्त्यावर मागचे चाक सुटले की गाडी आवरत नाही. जिल्ह्यात मात्र नवे पुढे, जुने मागे हीच रीत आहे आणि ‘स्टिअरिंग पुढे असते’ हे तिचे समर्थन. पुढे घातलेच, तर अलाईनमेंट करून घ्यावे. बिघडलेल्या टोचा पहिला घास पुढचे टायरच असतात.

नवे टायर हजार-दीड हजार किलोमीटर चालल्यावर तोच तळहात पुन्हा नक्षीवरून आडवा फिरवावा. झिजेचे दात डोळ्यांना दिसू लागण्याच्या बरेच आधी हाताला लागतात आणि तोवर टायराचा बहुतेक भाग शिल्लक असतो.