अजिंठ्याच्या नकला

चित्रकलेच्या शिक्षणात नक्कल म्हणजे दुय्यम काम, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. अजिंठ्याचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्याची भित्तिचित्रे तैलरंगात उतरवली. त्यांतील बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स तैलरंगातच प्रती करण्यासाठी विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत उतरले आणि हे काम 1885 पर्यंत चालले. मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर, सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांची. तिथे आकार उभा राहतो तो मुख्यतः रेषेने. तैलरंग मात्र सावकाश वाळतो, एकात एक मिसळतो, चमकतो. बोधिसत्त्व पद्मपाणीच्या खांद्याची वळलेली रेषा कॅनव्हासवर आणताना किती मऊ करायची आणि कुठे थांबायचे, हे विद्यार्थ्याला स्वतःच ठरवावे लागे. माध्यम बदलले की नक्कल आपोआप होत नाही, आणि शिक्षण नेमके त्या निर्णयांत आहे. व्हॅन गॉगनेही 1889-90 मध्ये सॅं-रेमीच्या रुग्णालयात फ्रेंच चित्रकार मिलेच्या शेतकरी-चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापांवरून तैलचित्रे केली; त्यांतले रंग त्याचे स्वतःचे होते.

नकलेने स्वतंत्र प्रतिभा मरते, असा आक्षेप घेतला जातो. पण ग्रिफिथ्स यांच्या अजिंठ्याच्या चमूतले पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी घरांतल्या जीवनाची स्वतःची चित्रे काढणारे नामवंत चित्रकार झाले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नकला करताना चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवले गेले. ते पिवळे पडले आणि मूळ रंग झाकोळले. ही हानी खरीच, तिची सफाई द्यायचे कारण नाही. मात्र दोष व्हार्निशचा आहे, पाहून शिकण्याचा नाही. इंग्लिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत 1909 ते 1911 या काळात नंदलाल बोस आणि हैदराबादचे सय्यद अहमद यांनी याच लेण्यांत जलरंगात प्रती केल्या. पुढे सय्यद अहमद लेण्यांचे अभिरक्षक झाले. नक्कल करणारा हात जपणाराही असू शकतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ग्रिफिथ्स-चमूच्या काही प्रती 1885 मध्ये लंडनमध्येच लागलेल्या आगीत गेल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना त्यांच्या उत्तम छायाप्रती समोर ठेवून तैलरंग शिकता आला पाहिजे. मूळ लेणी तर त्यांच्याच जिल्ह्यात आहेत.