उद्या येतो, कल आतूं

मागच्या चाचणीचे पेपर तपासत होते. उर्दू माध्यमाचा सातवीचा वर्ग, विषय मराठी. 'सुट्टीत काय करशील?' या प्रश्नाला एका मुलाने लिहिले होते, 'मी उद्या नळदुर्गला मामूकडे जातो. परवा किल्ला बघतो.' मी दोन्ही क्रियापदांवर लाल रेघ मारली, वर 'जाईन', 'बघीन' लिहिले आणि दोन गुण कापले. पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला. म्हणाला, "टीचर, मैं सच्ची जातूं. अम्मीने तिकिटाचे पैसेबी दिये."

त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला उशिरा कळला. 'जाईन' म्हटले तर जाण्याची फक्त शक्यता उरते, आणि त्याचे जाणे तर ठरलेले होते. त्याच संध्याकाळी अब्बा मगरिबच्या नमाजला निघाले आणि दारातून नेहमीसारखे म्हणाले, "आतूं बेटा." निघाले होते मशिदीकडे, बोलले परत येण्याबद्दल, आणि तेही वर्तमानकाळात. शेजारची मराठी मुले आईला 'येतो गं' म्हणून बाहेर पडतात, तेही हेच. मग चूक कोणाची?

प्रशिक्षणाच्या वेळी एकदा ऐकले होते, 'तुमच्या मुलांचे काळ चुकतात, घरात उर्दू ना!' तेव्हा मी गप्प बसले. आज थोडे बोलते.

सुरुवात पाणिनीपासून करू. अष्टाध्यायीत एक सूत्र आहे: वर्तमानाच्या अगदी जवळची गोष्ट, मग ती नुकतीच घडलेली असो की लवकरच घडणारी, वर्तमानकाळाच्या प्रत्ययांनी सांगितली तरी चालते. मराठी व्याकरणानेही हा उपयोग मान्य केला आहे. 'संनिहित भविष्य' असे त्याचे नाव. एसटी स्टँडवर 'गाडी सहाला सुटते' असे सांगणाऱ्याला कोणी 'सुटेल म्हणा' असे सुनावत नाही.

आता मराठीचा जुना काळ पाहा. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ. स. १२९०ची. त्या काळच्या मराठीत 'करी' म्हणजे 'करतो'. तो वर्तमानकाळ होता. पुढे 'करतो' हे रूप रुळले आणि 'करी' मागे सरकले. आज 'तो रोज येई' म्हटले की जुन्या सवयीची आठवण होते. पण त्याच 'करी'ला 'ल' लागून 'करील' झाले, 'येई'ला 'ल' लागून 'येईल'. म्हणजे जे रूप मी लाल पेनने शुद्ध म्हणून लिहिते, तेही मुळात वर्तमानकाळच आहे, शेपूट लावलेला.

उर्दूची गोष्ट वेगळी नाही. 'आए' हे जुन्या वर्तमानाचे रूप. त्याला 'गा' जोडून 'आएगा' झाले. हा 'गा' 'गेलेला' या अर्थाच्या शब्दातून आला आहे. म्हणून तो माणसाप्रमाणे बदलतो, 'आएगा', 'आएगी'. मराठीत उलटे आहे. 'येईल' मुलगा-मुलगी दोघांनाही चालते. 'येतो-येते' मात्र बदलते, कारण ते विशेषणासारख्या रूपातून आले आहे. वर्गात हा फरक दाखवला की मुलांना गंमत वाटते.

आणि आमचे 'आतूं'? १३२७च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली. १३४७मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. दिल्लीकडून आलेली बोली इथल्या मराठी, कानडी, तेलुगू माणसांत राहिली आणि दखनी झाली. मराठीच्या 'नको'वरून तिने 'नक्को' घेतले, मराठीचा 'च' घेतला. 'आता हूँ' आखडून 'आतूं' झाले. प्रमाण उर्दूतही 'कल आता हूँ' चालतेच. म्हणजे आमच्या मुलांना हा प्रयोग दोन्ही घरांतून मिळालेला आहे. उर्दूच्या तासाला त्यांचे 'आतूं' गावंढळ ठरते आणि मराठीच्या तासाला 'येतो' चुकते. बिचाऱ्यांनी बोलायचे तरी काय?

आता धर्माची बाजू. सूरह कहफच्या २३ आणि २४ या आयतींत शिकवण आहे की, अल्लाहची इच्छा जोडल्याशिवाय 'उद्या मी हे करणार' असे म्हणू नये. तिथे 'करणार' यासाठी भविष्यकाळाचे क्रियापद नाही. अरबीत भविष्य दाखवायला 'स' आणि 'सौफ' आहेत, ते इथे आलेले नाहीत. शब्द आहे 'फाइल', कचेरीतली फाईल नव्हे, 'करणारा' या अर्थाचा. आपले 'मी उद्या करणार' हुबेहूब तसेच आहे. 'करणार' म्हणजे करणाराच. माणूस उद्याचे काम आजच हातात असल्यासारखे बोलतो. ही बोलण्याची रीत जगभरची आहे, आणि इन्शाअल्लाह तिला अदब शिकवते.

स्पेनमध्येही माणसे 'उद्या पोहोचतो' असे वर्तमानकाळातच म्हणतात. त्यांचा भविष्यकाळ मूळ क्रियापदापुढे 'माझ्याकडे आहे' या अर्थाचे वर्तमानाचे रूप चिकटून झाला. ७११ ते १४९२ या काळात तिथे मुस्लिम सत्ता होती. 'असे होवो' या अर्थाचा 'ओहाला' हा स्पॅनिश शब्द अरबीतून आला, त्यात 'अल्लाहने इच्छिले तर' हेच दडलेले आहे. धाराशिव कुठे, स्पेन कुठे!

याचा अर्थ सगळेच चालते असा नाही. 'मी मोठा होऊन डॉक्टर होतो' हे चूकच. तिथे 'होईन' हवे. ठरलेले, जवळचे असेल तर 'जातो'. अंदाज, आशा, लांबची गोष्ट असेल तर 'जाईन'. मुलांना हा फरक शिकवायचा. 'जातो' नुसते खोडून तो कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात नव्हता. खरेच नळदुर्गला गेला होता. सोमवारी आला तेव्हा मी त्याचा पेपर मागून घेतला, लाल रेघा खोडल्या आणि दोन गुण परत दिले. त्याने विचारले, "टीचर, अब क्या लिखूं?"

म्हटले, "जे ठरले आहे ते लिही. आणि घरून निघताना इन्शाअल्लाह म्हणत जा."