आधी मोजणी, मग कायदा
(बाबासाहेबांच्या मजूरखात्याचा इतिहास)

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांवर लेख असतोच. महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि धम्मदीक्षा हे विषय आपल्या मुलांनाही पाठ आहेत. परंतु जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, त्या चार वर्षांत त्यांच्या खात्याने नेमकं काय केलं, असं विचारलं तर बहुतेक जण "कामाचे तास कमी केले" एवढं सांगून थांबतात. ते खरंच आहे. १९४६ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. पण ते त्या कामाचं शेवटचं पान झालं. त्याआधी पुष्कळ चौकशी आणि मोजणी झाली होती. या लेखात तीच हकीकत थोडक्यात सांगायची आहे.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं. या कचेरीची माणसं गिरणगावात चाळीचाळीतून फिरली. घरात किती माणसं, पगार किती, धान्याला किती जातात, भाडं किती, सावकाराचं देणं किती, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. १९२३ साली त्याचा अहवाल छापून आला. त्यात एक गोष्ट अशी निघाली की, मुंबईच्या कामगाराला दुष्काळी कामावरच्या मजुराइतकं धान्य मिळतं, पण तुरुंगाच्या नियमांप्रमाणे कैद्याला जेवढं अन्न द्यावं लागतं त्यापेक्षा त्याचं खाणं कमी आहे. कामगार पुढारी हेच ओरडून सांगत होते, तेव्हा कोणी मनावर घेत नव्हतं. आता सरकारच्याच कागदावर ते आलं. पुढची अनेक वर्षं पगारवाढीची मागणी करणाऱ्यांच्या हातात हा कागद राहिला.

पण सरासरीत सगळं दिसत नाही. त्याच गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात घेईना. म्हणून जास्त पगाराचं हे खातं बंद, आणि आपल्या वाट्याला कमी पगाराची खाती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि मागण्यांत घालायला लावला. मालकांनी उत्तर दिलं की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. तेही एका अर्थी खरं होतं, कारण हा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. ज्याला हुनर शिकण्याच्या जागी उभंच राहू देत नाहीत, त्याला "अकुशल" म्हणायचं आणि मजुरीही तशीच द्यायची, असा हा कारभार होता.

हे सगळं जवळून पाहिलेला माणूस १९४२ साली मजूरमंत्री झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन व्हाइसरॉयला दिलं. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. आय. सी. एस. मध्ये १०५६ अधिकारी, त्यांत अस्पृश्य फक्त १, हा हिशेब आधी मांडला आणि मग मागणी केली. नुसत्या शिष्यवृत्त्या मागून ते थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, म्हणजे हातात धंदा येईल, हीही त्यात मागणी होती. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला.

मजूरखात्यातही हीच रीत दिसते. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद १९४२ पासून भरू लागली. १९४३ च्या परिषदेत कामगारांच्या परिस्थितीची चौकशी व्हावी असं ठरलं आणि १९४४ साली डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खाणी, मळे, गिरण्या, गोद्या असे अनेक धंदे तिने तपासले. मजुरी, कर्ज, घर, आजारपण, सगळ्याची नोंद केली. दुसरीकडे प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं होतं. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. त्यावरूनच पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आपल्या वस्तीतल्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेला "ई. एस. आय. चा दवाखाना" तो हाच.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद भागात कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले. पुढच्याच महिन्यात खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बाहेर जाणाऱ्या कोळशावर पट्टी बसवून घरं, पाणी आणि औषधपाणी यांवर ती रक्कम खर्च करायची, अशी ती योजना होती. येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ साली बायकांना खाणीत खाली काम करण्याची बंदी उठवण्यात आली. तेव्हा खातं बाबासाहेबांकडेच होतं आणि त्यावर टीका झाली. १९४६ च्या सुरुवातीला ती बंदी पुन्हा लागू झाली. इतिहास लिहिताना असं पान फाडून टाकू नये.

युद्धकाळातच तांत्रिक शिक्षणाचे वर्ग वाढले, नोकऱ्यांची नोंदणी केंद्रं निघाली. युद्ध संपल्यावर सुटलेल्या सैनिकांना काम लावून देण्यासाठी १९४५ साली त्यांचं स्वतंत्र खातं झालं. १९५० पासून आय. टी. आय. सुरू झाल्या. फिटर, टर्नर, वायरमन होऊन आपली किती घरं उभी राहिली, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

पण जो मोजला गेला नाही तो बाहेरच राहिला. १९४८ चा विमा कायदा सुरुवातीला वीज वापरणाऱ्या, वीस किंवा अधिक कामगारांच्या बारमाही कारखान्यांपुरता होता. पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. घरकाम करणाऱ्या बायांसाठी मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. असंघटित कामगारांची देशभर नोंद करणारं ई-श्रम ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं, तेही कोरोनात लाखो मजूर पायी घरी चालत गेल्यावर. रस्त्यावर किती माणसं आहेत हे तेव्हा कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं.

दीघनिकायात कूटदन्त सुत्तात भगवान बुद्धांनी महाविजित राजाची गोष्ट सांगितली आहे. राज्यात चोऱ्या वाढल्या. पुरोहिताने सल्ला दिला की शिक्षा देऊन हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणं, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. कोणाला काय हवं, हे आधी ओळखल्याशिवाय असा सल्ला देता येत नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, वर्धापनदिनाच्या निमित्ताने एक सूचना आहे. विहारात एक वही ठेवू या. वस्तीत कोण कंत्राटावर सफाईला जातं, कोण घरकाम करतं, कोण बिगारी आहे, कुठला मुलगा किंवा मुलगी शिकून घरी बसली आहे, कोणाची कुठे नोंद आहे आणि कोणाची नाही, हे शिकलेल्या तरुणांनी दर रविवारी वंदनेनंतर घरोघर जाऊन लिहावं. शंभर घरांची वही झाली की मागणी करायला आपल्याकडे कागद असेल. बाबासाहेबांनीही अशीच आधी मोजणी मांडली आणि मग मागणी केली.

जयभीम!