आजीची पैठणी

परवा नातीने फोनवर विचारलं, "आजी, खरं रेशीम ओळखायचं कसं गं?" मी म्हटलं, पदराचा एक धागा काढ आणि जाळून बघ. सुती धागा कागदासारखा भरभर जळतो. पॉलिस्टर २५० अंशांच्या पुढे वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. रेशीम वितळत नाही. ते आक्रसतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत चुरडेल अशी काळी राख उरते. केस काय, रेशीम काय, दोन्ही प्रथिनंच!

मी बी.ए. झालेली, विज्ञान कधी शिकवलं नाही. पण हा वास मी १९७२ च्या दुष्काळात घेतला आहे.

आमचं गाव गंगाखेडजवळ. विहीर आटली, बैल विकले, शेवटी आजीची लग्नातली पैठणी पेटीतून बाहेर निघाली. गोदेच्या वरच्या अंगाला असलेलं पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथातही त्याचं नाव येतं. तिथल्या जुन्या पैठणीची जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार.

सोनाराने काठ-पदर कापून घेतले आणि पेटवले. रेशीम तीनेकशे अंशांच्या आसपास कोळसा होतं. चांदीला वितळायला ९६२ अंश लागतात, सोन्याला १०६४. म्हणून साध्या आगीत रेशीम जातं आणि तार मागे राहते. मग त्याने ती टाकणखार घालून मुशीत आटवली. जुन्या जरीच्या साड्यांतून चांदी काढायची रीत हीच होती. कितीतरी पैठण्या अशाच गेल्या.

पैसे मिळाले ते चांदीच्या वजनाचे. विणकराने मागावर घालवलेले महिने त्या हिशेबात कुठेच नव्हते. पण रेशनच्या मिलोबरोबर घरात थोडी ज्वारी आली आणि आम्ही तगलो. आजी एवढंच म्हणाली, "पोरं जगली, झालं."

आता परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीमशेतीवर संशोधन चालतं, जिल्ह्यात तुतीचे मळे दिसतात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. बरं वाटतं. तरी आजीच्या पदरावरचे मोर कोणत्या रंगाचे होते, ते मला आता आठवत नाही. फक्त तो वास आठवतो.

असो. तुमच्या घरी जुनी पैठणी असेल, तर तिचा एक फोटो तरी काढून ठेवा. आणि पारख करायचीच असेल, तर एकाच धाग्यावर भागवा!