संगणकशास्त्राची पदवी आणि अनुदानाचा प्रश्न : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या शैक्षणिक इतिहासातील एक प्रकरण

प्रास्ताविक

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी त्यांचा शैक्षणिक इतिहास बऱ्याच अंशी एकच आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या पटवर्धन व इतर संस्थानांचा प्रदेश मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव देण्यात आले. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये एकाच विद्यापीठाच्या कक्षेत आली. त्यामुळे या परिसरात एखादे शास्त्र पदवीच्या पातळीवर कसे रुजले, याचा विचार करताना दोन्ही जिल्हे एकत्र घेणे सोयीचे आणि न्याय्य ठरते.

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाविषयी आपल्याकडे बहुधा रोजगाराच्या अंगाने लिहिले जाते. या अभ्यासक्रमाचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, संगणकशास्त्र या दोन जिल्ह्यांत नेमके अशा काळात आले, ज्या काळात शासन उच्च शिक्षणाच्या आर्थिक जबाबदारीतून हळूहळू मागे सरत होते. या योगायोगाने अभ्यासक्रमाचे शुल्क, त्याचा शिक्षक आणि त्याचा विद्यार्थी या तिन्ही गोष्टींना आकार दिला आहे.

संगणकपूर्व वारसा

१९१९ हे वर्ष या परिसराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीजवळ विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. एक धारा पुण्याच्या सुशिक्षित वर्गातून आलेली, तर दुसरी बहुजन समाजातून उगवलेली होती. भाऊरावांनी १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास हलविले. तेथे त्यांनी चालविलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व स्वतःच्या श्रमाने आपल्या खर्चाचा भार उचलीत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणातही आले. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने श्रम द्यावेत आणि शिकावे, हा त्यामागील साधा व्यवहार होता.

विज्ञान व तंत्रशिक्षणाचीही पायाभरणी याच काळात झाली. १९४७ मध्ये सांगलीत धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनिअरिंग कॉलेज उभे राहिले. १९५५ मध्ये त्याला वालचंद यांचे नाव मिळाले. कराड येथे १९५४ मध्ये सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. साताऱ्यात विज्ञान शाखेसाठी १९६५ मध्ये स्वतंत्र महाविद्यालय निघाले. तेच आजचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स होय. राज्यात अभियांत्रिकी महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकी असताना त्यांपैकी दोन कृष्णाकाठच्या या पट्ट्यात होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या सर्व महाविद्यालयांच्या वाढीमागे शासकीय खर्चाचा आधार होता. शिक्षकांचे वेतन शासन देई किंवा वेतनाचा मोठा वाटा उचली. विद्यार्थ्याचे शुल्क अल्प असे व आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यास त्यातही सवलत मिळे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र हे विषय या दोन जिल्ह्यांत अशा रीतीने वाढले. शेतकऱ्याचा मुलगा पदार्थविज्ञानाचा पदवीधर होऊन शिक्षक, प्राध्यापक किंवा अधिकारी झाला, तो या व्यवस्थेमुळे.

संगणकाचे आगमन

भारतात संगणक प्रथम संशोधन संस्थांत आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६३ मध्ये कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये आयबीएम १६२० हे यंत्र बसविण्यात आले आणि तेथे संगणक-अध्यापनास प्रारंभ झाला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयास मात्र त्या काळी यंत्राची किंमत, त्यासाठी लागणारी वातानुकूलित खोली आणि देखभाल यांतील काहीच परवडण्याजोगे नव्हते. सूक्ष्मसंस्कारकावर आधारित छोटे संगणक बाजारात आल्यावर आणि नोव्हेंबर १९८४ मधील केंद्र शासनाच्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केल्यावर ही स्थिती बदलू लागली. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. संगणक हे आपल्या भागातही घडू शकणारे काम आहे, ही जाणीव पश्चिम महाराष्ट्रात त्यानंतर अधिक पसरली.

१९८३ चा निर्णय

संगणकाचे हे आगमन आणि शासनाचे एक धोरण जवळजवळ एकाच वेळी आले. १९८३ मध्ये सांगली जिल्ह्यातीलच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी देण्यात आली. महाराष्ट्रातील विद्यार्थी देणग्या भरून कर्नाटकातील महाविद्यालयांत जात होते. हा पैसा व हे विद्यार्थी राज्यातच राहावेत, असा या निर्णयामागील युक्तिवाद होता. सांगलीसारख्या सीमेलगतच्या जिल्ह्यास हे स्थलांतर जवळून दिसत होते. स्वतः वसंतदादांचे औपचारिक शिक्षण अल्प होते. सहकारी साखर कारखानदारीतून ग्रामीण भागात संस्था उभ्या करण्याचा त्यांचा अनुभव मात्र दांडगा होता. साखर कारखाना ज्या रीतीने उभा राहतो, त्या रीतीने महाविद्यालयही उभे राहू शकते, हा विश्वास या धोरणात दिसतो.

या निर्णयाचा परिणाम दोन्ही जिल्ह्यांत त्वरित दिसला. वाळवा तालुक्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि सांगलीजवळील बुधगाव येथील वसंतदादा पाटील यांच्या नावाचे महाविद्यालय ही १९८३ मधीलच अपत्ये होत. पुढे संगणक अभियांत्रिकीची शाखा अशा महाविद्यालयांतून सर्वाधिक मागणीची ठरली. जागा वाढल्या, हे निर्विवाद आहे. ज्या मुलास पूर्वी कराड किंवा सांगली येथील मोजक्या जागांत प्रवेश मिळाला नसता, त्याच्यासाठी दार उघडले. परंतु त्या दारावर शुल्काची पाटी होती. देणगी घेण्यास बंदी घालणारा कायदा राज्याने १९८७ मध्ये केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत जागा व शुल्काच्या जागा अशी विभागणी केली, तर २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती रद्द ठरविली. या सर्व घडामोडींत वाद शुल्क किती असावे याविषयी होता. शिक्षकाचे वेतन शासनाने द्यावे की विद्यार्थ्याने, हा मूळ प्रश्न मात्र मागे पडत गेला.

विज्ञान महाविद्यालयातील दुसरा मार्ग

अभियांत्रिकीचे शुल्क ज्यांना पेलणारे नव्हते, त्यांच्यासाठी नव्वदच्या दशकात दुसरा मार्ग खुला झाला. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत तीन वर्षांचे बी. सी. एस. आणि बी. सी. ए. हे अभ्यासक्रम सुरू होऊ लागले. पहिला विज्ञान शाखेच्या अंगाने गणित व इलेक्ट्रॉनिक्सची जोड घेऊन आला, तर दुसरा वाणिज्य-व्यवस्थापनाच्या अंगाने. सी भाषा, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय आता सातारा, कराड, सांगली येथील त्याच इमारतींत शिकविले जाऊ लागले, जेथे पूर्वी फक्त रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा होत्या. गावाहून एस. टी. ने येऊन-जाऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, हा मार्ग अधिक जवळचा वाटला. पुण्यात खोली घेऊन राहण्याचा खर्च आणि त्याविषयीची पालकांची धास्ती दोन्ही त्यामुळे टळत.

तथापि महाविद्यालय अनुदानित असले तरी हे अभ्यासक्रम बहुतांशी विनाअनुदान तत्त्वावरच सुरू झाले. २००१ मध्ये शासनाने नव्या महाविद्यालयांसाठी ‘कायम विनाअनुदान’ हे धोरण स्वीकारले आणि अनुदानाची आशा आणखी दुरावली. परिणामी एकाच आवारात दोन व्यवस्था नांदू लागल्या. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसणारा विद्यार्थी नाममात्र शुल्क भरी, तर शेजारच्या वर्गातील संगणकशास्त्राचा विद्यार्थी त्याच्या कितीतरी पट अधिक. दोघांचे पालक एकाच गावचे, एकाच आर्थिक स्थितीचे असू शकत. ज्या विषयात नोकरीची शक्यता अधिक, तो विषय महाग आणि ज्यात ती कमी, तो स्वस्त, अशी ही रचना होती. गरीब विद्यार्थ्याने स्वस्त विषय निवडावा, असे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नव्हते. व्यवहारात मात्र बऱ्याचदा तेच घडले.

अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास प्रवर्गांसाठीच्या शिष्यवृत्त्यांनी आणि शुल्क-प्रतिपूर्तीच्या योजनांनी हा भार काही प्रमाणात हलका केला. परंतु प्रतिपूर्ती म्हणजे आधी झालेल्या खर्चाची नंतर होणारी भरपाई. ती उशिरा आली की संस्थेची वेतने अडत आणि विद्यार्थ्यामागे शुल्काचा तगादा लागे. ‘कमवा व शिका’ योजनेतील श्रमातून भोजनाचा व वसतिगृहाचा खर्च भागू शके. संगणकशाळेचे शुल्क त्यातून भागणे अवघड होते.

प्रयोगशाळा, भाषा आणि शिक्षक

शुल्काखेरीज आणखी तीन अडचणींनी या अभ्यासक्रमास घेरले. पहिली विजेची. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते आणि ग्रामीण भागात ते तासन्‌तास चाले. प्रात्यक्षिकाचा तास व वीज यांची गाठ पडणे हाच एक प्रश्न होता. जनित्र व बॅटरीवरील खर्चही अखेर शुल्कातच मिळे.

दुसरी अडचण भाषेची. बारावीपर्यंत विज्ञान विषय इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थीही घरी, वर्गमित्रांत आणि मनात मराठीतच विचार करतो. सातारा जिल्ह्यातील वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश सिद्ध होत होता आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. आधुनिक विज्ञान मराठीत मांडता येते, याचे हे भरभक्कम प्रमाण याच जिल्ह्यात तयार झाले. तरीही संगणकशास्त्राच्या पदवीसाठी मराठी संदर्भग्रंथांची परंपरा निर्माण झाली नाही. २००१ मध्ये आलेल्या एम. एस.-सी. आय. टी. अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता मराठीतून पोहोचविली. तिचा हेतू संगणक वापरण्यास शिकविणे हा होता, शास्त्र शिकविणे हा नव्हे. वर्गात प्राध्यापक मराठीतून समजावून सांगतात आणि परीक्षा इंग्रजीतून होते. या दोहोंमधील दरी विद्यार्थी पाठांतराने भरून काढतो. प्रोग्राम पाठ करून लिहिण्याची आपल्याकडील सवय केवळ आळसातून आलेली नसून तिचे एक मूळ येथे आहे.

तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण शिक्षकाची. अनुदानित विषयाच्या प्राध्यापकास शासनमान्य वेतनश्रेणी, सेवासुरक्षा व संशोधनाची संधी असते. संगणकशास्त्राचे अध्यापन मात्र बव्हंशी तासिका तत्त्वावरील किंवा वर्षागणिक नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांच्या खांद्यावर राहिले. साताऱ्याहून सुमारे ११० किलोमीटरवर पुणे आहे आणि तेथील माहिती तंत्रज्ञान उद्योग या शिक्षकास अधिक वेतन देऊ शकतो. त्यामुळे जो चांगला शिकवू लागतो, तो निघून जाण्याची शक्यता वाढते. जो राहतो, तो बहुधा निष्ठेने राहतो. परंतु व्यक्तीच्या निष्ठेवर एखाद्या शास्त्राचा विभाग पिढ्यान्‌पिढ्या उभा राहत नाही. भौतिकशास्त्राच्या विभागांत गुरु-शिष्यांच्या तीन-तीन पिढ्या दिसतात. संगणकशास्त्रात अशी परंपरा विरळ आहे, याचे कारण येथे शोधावे लागते.

अलीकडील बदल

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा बदलत आहे. २०२१ मध्ये साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे अभ्यासक्रम स्थानिक गरजेनुसार आखण्याची मुभा वाढली आहे. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास चालना दिली आणि पिंपरी-चिंचवड येथे मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. २०२४-२५ पासून बी. सी. ए. अभ्यासक्रम या परिषदेच्या कक्षेत आला व राज्यात त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. त्याच शैक्षणिक वर्षापासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. हा निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र त्यातही शासन विद्यार्थिनीचे शुल्क भरते, विषयाचा शिक्षक नेमत नाही. १९८३ पासून चालत आलेली रचना त्याने बदललेली नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. विनाअनुदान धोरणाने या दोन जिल्ह्यांत संगणकशास्त्राच्या जागा वेगाने वाढविल्या. अनुदानाची वाट पाहिली असती तर ते घडले नसते, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. परंतु त्याच धोरणाने हा विषय महाविद्यालयाच्या मुख्य प्रवाहाबाहेर, एखाद्या जोडधंद्यासारखा ठेवला. पदवी मिळत राहिली. विभाग मात्र उभा राहिला नाही.

यासाठी प्रत्येक अनुदानित विज्ञान महाविद्यालयात संगणकशास्त्राची किमान एक-दोन पदे पूर्ण वेतनावर मंजूर व्हावीत, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. ‘कमवा व शिका’ योजनेत बागकाम व कार्यालयीन कामाबरोबर महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे, प्रवेशाचे व परीक्षेचे संगणकीय काम या विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. त्यातून त्यांना अर्थसाहाय्य आणि अनुभव दोन्ही मिळतील. आणि जे प्राध्यापक वर्गात रोज मराठीतून संगणकशास्त्र समजावून सांगतात, त्यांनी ते समजावणे लेखी रूपात आणले तर वाईतील ज्ञानपरंपरेस हे शास्त्र जोडले जाईल. पहिली गोष्ट शासनाच्या हाती आहे. उरलेल्या दोन गोष्टी मात्र आपण महाविद्यालयीन प्राध्यापकांनी येत्या शैक्षणिक वर्षापासून हाती घ्यावयाच्या आहेत.